मागच्या खुर्चीतले लिमये सर

बातमीदाराकडे दोन ढीग साठतात. एक छापून आलेल्या बातम्यांचा, दुसरा छापता न आलेल्या किश्शांचा. पहिला रद्दीवाला नेतो. दुसरा, चार मित्र जमले की आपोआप वर येतो.

माझ्या दुसऱ्या ढिगात अलीकडे सगळ्यात जास्त भर घातली ती नारायण पेठेतल्या संध्याकाळच्या एका वर्गाने. बाहेरून पुण्यात आलेल्यांना तिथे मराठी बोलायला शिकवतात. शिकवणारी रसिका मेश्राम वर्ध्याची, नोकरीत अगदी नवीन. तीन निरीक्षणं नीट पार पडली तर नोकरी पक्की, नाहीतर येरवड्यातली भाड्याची खोली सोडून परत वर्धा. निरीक्षक म्हणजे संस्थेचे लिमये सर. त्यांनी मागे खुर्ची टाकून गप्प बसायचं आणि शेवटी मत सांगायचं.

मला हा प्रकार पहिल्या दिवसापासून खटकला. उपसंपादकांशी मी जन्मभर भांडलो, पण तेसुद्धा मी लिहीत असताना मानेवर बसत नव्हते.

*

मी तिथे कसा? निवृत्तीनंतर घरात माझे वाद फार वाढले, म्हणून बायकोनेच संस्थेला माझं नाव सुचवलं. वर्गात एक ‘सरावाचा पुणेकर’ लागतो. विद्यार्थ्यांनी त्याच्याशी बोलायचं. कधी तो दुकानदार होतो, कधी सोसायटीचा सेक्रेटरी.

रसिका मला म्हणाली, “काका, यांना अजिबात मदत करायची नाही. एरवी वागता तसंच वागा.”

“एरवी कसा वागतो मी? आणि तुम्हाला काय माहीत?”

“हां, अगदी असंच.”

*

तिची पद्धत मला आवडली. पुण्यात पोटापुरतं इंग्रजी-हिंदी चालतं, पण भांडायला मराठीच लागतं, म्हणून ती भांडणं शिकवायची. नियम एकच. भांडण संपेपर्यंत चुका काढायच्या नाहीत. समोरचा तावातावाने बोलत असताना ती मागे उभी राहून चुका टिपायची आणि भांडण मिटल्यावर फळ्यावर लिहायची. माणूस एकदा बोलता झाला की त्याला थांबवायचं नाही, हे मला मुलाखती घेताना कळायला किती वर्षं गेली!

*

पहिल्या निरीक्षणाला वर्गाने घात केला, तोही प्रेमापोटी. बाईंची नोकरी जाऊ नये म्हणून सगळे घरून पाठ करून आले. वाघोलीहून येणारा अनीश हा केरळचा कम्प्युटर इंजिनियर. तो तर बातम्या वाचल्यासारखा भांडला. एकाचीही चूक नाही.

लिमये उठले. “वर्ग उत्तम. पण यांना शिकवायचं काय उरलंय?”

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, “बाई, मी छापतो हे.”

“काका, बरोबर बोलले ते,” रसिका म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने वर्गाला सांगितलं, “पुढच्या वेळी मला चुका पाहिजेत. मन लावून करा.”

अनीश म्हणाला, “मॅडम, त्याला प्रॅक्टिस नाही लागत.”

*

दुसऱ्या निरीक्षणाला वर्ग मनापासून चुकला. गोंधळ इतका वाढला की रसिका ओरडली, “काय करून राहिले तुम्ही सगळे?”

लिमयांना राहवलं नाही. मागूनच म्हणाले, “बाई, हे पुण्याचं मराठी नव्हे.”

रसिका शांतपणे म्हणाली, “सर, वर्ग मराठीचा आहे ना?”

मी टाळ्या वाजवल्या. ती माझ्याकडे वळली. “काका, तुम्ही सरावाचे पुणेकर. ते टाळ्या वाजवत नाहीत.”

*

मी लिमयांना जिन्यात गाठलं. “तुम्ही स्वतः कधी बाहेरच्यांना मराठी शिकवलंय?”

“नाही,” ते म्हणाले. “म्हणून तर मागे बसतो.”

भांडायला गेलेल्या माणसाला असं खरं उत्तर देणं मला अजूनही अन्यायाचं वाटतं.

*

तिसऱ्या, म्हणजे निकालाच्या दिवशी माझा घसा बसला. विषय होता, घराच्या फाटकासमोर कोणी गाडी लावली तर काढायला कसं लावायचं. वर्गात भांडायला पुणेकरच नाही. रसिकाने मागे पाहिलं. “सर, तुम्ही येता का?”

लिमये घड्याळाकडे बघत पुढे आले. रसिका सरळ जाऊन त्यांच्या खुर्चीत बसली. वही उघडली.

अनीशने सुरुवात केली. “काका, गाडी काढा. माझा गेट आहे.”

“रस्ता तुमचा आहे का?”

“रस्ता नाही, गेट माझा. आई आजारी आहे, रिक्षा आत येत नाही.”

“मग आधीच बोलवायची रिक्षा.”

“आधी आजारी नव्हती ना!”

वर्ग हसला. लिमयांचा आवाज चढला. पाटी कुठे आहे, तुम्ही भाडेकरू की मालक, सगळं निघालं. अनीश दर वाक्याला चुकत होता आणि एक पाऊलही मागे हटत नव्हता. शेवटी म्हणाला, “काका, पाटी नाही, पण माणूस उभा आहे. माणूस वाचता येत नाही तुम्हाला?”

लिमयांचे कान लाल झाले. “लुक, धिस इज नॉट द वे टू...”

मागच्या खुर्चीतून आवाज आला. “सर, वर्ग मराठीचा आहे.”

तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. लिमयांनी रुमालाने चष्मा पुसला. “भांडण अर्धवट राहिलं. सोमवारी येतो.”

रसिका खुर्चीतून उठली. “सर, सोमवारी मी असणार आहे का?”

लिमये दारात थांबले. तिच्या हातातल्या वहीकडे पाहिलं. “मग माझ्या चुका कोण सांगणार?”

ते जिना उतरायला लागले, तसा अनीश दाराकडे धावला. “सर, जाताना गाडी काढा.”

खालून उत्तर आलं, “काढणार नाही. सोमवारी बोलू.”