मॅगझिन काढलेलं पिस्तूल

सकाळचे दहा वाजलेत. डोंगर ओलांडून आलेलं ऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिरकं आत उतरलंय आणि नेमकं टेबलावर पडलंय, वरून कोणी दिवा रोखून धरावा तसं. टेबलावर वर्तमानपत्र पसरलंय. त्यावर एक छोटी हातोडी, पितळेची कांडी आणि उघडलेलं पिस्तूल. डावीकडे खुर्चीत नेल्डा मांडीवर बादली घेऊन फरसबीच्या शिरा काढतेय. मधोमध, नाकावर दोन चष्मे एकावर एक चढवून, तिचा नवरा डेन्व्हर कोम्ब्स.

डेन्व्हर बहात्तर वर्षांचा. केंटकीच्या या डोंगराळ भागात एकतीस वर्षं डेप्युटी शेरीफ होता. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी सकाळी पँट चढवली की पट्ट्याला पिस्तूल अडकवायचं, हे काही सुटलं नव्हतं. चर्चमध्ये, न्हाव्याकडे, टपाल आणायला फाटकापर्यंत जायचं असलं तरीही. पिस्तूल जुनं होतं, अंगभर पोलादाचं. त्या वजनाने त्याची उजवी बाजू कायमची खाली कललेली. पोलीस खात्याने हलकी प्लॅस्टिकची पिस्तुलं आणली तेव्हा याने आपलं जुनं विकत घेतलं होतं. पुढे कंपनीने ती बनवणंच थांबवलं. बंदुका दुरुस्त करणारा आर्लिस न्याहारीच्या हॉटेलात त्याला रोज छेडायचा. म्हणायचा, "अरे, तुला पेन्शन मिळाली, आता त्या बिचाऱ्यालाही देऊन टाक." डेन्व्हर बिस्किटावर, म्हणजे तिकडच्या मऊ पावावर, रस्सा ओतत म्हणायचा, "ते माझ्याआधी नाही जायचं."

त्याचं कारण सगळ्या गावाला पाठ होतं. जत्रेच्या मैदानावर एक दारुडा त्याच्या अंगावर पडला होता. झटापटीत त्याने डेन्व्हरचंच पिस्तूल हिसकावलं आणि पोटाला लावलं. त्या क्षणी डेन्व्हरच्या अंगठ्याला पिस्तुलाचं बटण सापडलं आणि मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, खाली गवतात पडलं. या जातीच्या पिस्तुलाची खुबी अशी, की मॅगझिन बाहेर असलं तर नळीत काडतूस असूनही ते उडत नाही. दारुड्याने तीनदा चाप ओढला. चाप नुसता हलला, लहान मुलांच्या खेळण्यासारखा.

त्या दिवसापासून डेन्व्हर देवाच्या खालोखाल त्या बटणावर विश्वास ठेवत आला. नवीन पोरं भरती झाली की त्यांच्यासमोर तो मॅगझिन काढून खिशात टाकायचा, भरल्या नळीचं तोंड स्वतःच्या डाव्या तळहाताला लावायचा आणि चाप ओढायचा. पोरांचे चेहरे पांढरे पडायचे. मग तो हात वर करून दाखवायचा. टाळ्या पडायच्या.

घरातही तीच शिस्त. आत आलं की मॅगझिन शर्टाच्या खिशात आणि पिस्तूल फ्रिजच्या डोक्यावर. नळीतलं काडतूस तो काढत नसे. रोज तेच काडतूस काढून पुन्हा घातलं की त्याची गोळी हळूहळू मागे दबते आणि काडतूस बिघडतं, हे बंदूक बाळगणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. आणि मॅगझिन खिशात असल्यावर भीती कसली?

आता त्याला पिस्तुलाची नेम धरायची मागची खाच दिसेनाशी झाली होती. दुसरी, पांढऱ्या ठिपक्यांची, त्याने मिळवली होती. आर्लिसने बजावलं होतं, की मला आणून दे, त्या खाचेखाली बारीक भाग दाबून बसवलेले असतात. पण डोळे गेले हे आर्लिसपुढे कबूल करणं डेन्व्हरला जमण्यासारखं नव्हतं. त्याने पितळेची कांडी टेकवून हातोडीचे चार ठोके दिले. खाच सरकली आणि काहीतरी सुर्रकन उडालं. एक स्प्रिंग छताला लागून त्याच्या कपात पडली. एक बारीकशी खुंटी वर्तमानपत्रावर सापडली. त्याने दोन्ही जागेवर बसवली, वर नवी खाच ठोकली. वरचा भाग दोनदा मागेपुढे सरकवून पाहिला. झकास. मग नळीत काडतूस पुन्हा घातलं.

"दोन होती," नेल्डा म्हणाली.

"काय दोन?"

"पिल्लं. एक तुझ्याकडे आलं. एक चुलीखाली पळालं."

"बरं, बरं," डेन्व्हर म्हणाला.

वर्षभर नेल्डा असंच काहीबाही बोलत होती. किल्ल्या ओव्हनमध्ये ठेवायची. टपालवाल्याला चोर म्हणून तिने झाडू उगारला होता. त्यामुळे तिचं बोलणं त्याने नेहमीसारखं वाऱ्यावर सोडलं. चुलीखाली पळालेली ती दुसरी खुंटी म्हणजेच मॅगझिन काढल्यावर पिस्तूल मुकं करणारी खुंटी होती. आता ते मुकं होणार नव्हतं. घरात हे एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसाचं कोणी ऐकत नव्हतं.

नऊ दिवस, डेन्व्हर घरात असला की, ते पिस्तूल फ्रिजवर पडून असायचं. नेल्डा त्याखालून दूध काढायची, लोणी ठेवायची. एकदा तिने ते पुसूनही ठेवलं.

दहाव्या दिवशी, रविवारी, चर्च सुटल्यावर मुलगी डरिन्डा आली. मक्याची भाकरी आणि घेवड्याचा रस्सा चुलीवर चढेपर्यंत तिने धीर धरला, मग विषय काढला. मम्मी आता कोणालाही चोर समजते. एक दिवस ती तुम्हालाच चोर समजेल, तेव्हा हाताशी झाडू नसेल. पिस्तूल मी घेऊन जाते. डेन्व्हरने शर्टाचा खिसा थोपटून सांगितलं, की याच्याशिवाय ते लोखंडाचा तुकडा आहे. डरिन्डा म्हणाली, की ही कथा मी पाळण्यात असल्यापासून ऐकतेय.

"ऐकलीस ना? मग बघ आता."

"डॅडी, नको."

तो उठला होता. फ्रिजवरून त्याने पिस्तूल घेतलं. इतक्या वर्षांनी समोर प्रेक्षक होता, त्यामुळे पाठ आपोआप ताठ झाली. डावा तळहात उघडून त्याने नळीच्या तोंडाला लावला.

नेल्डा खुर्चीतून उठली. सावकाश चालत आली, आणि जेवायला बसणाऱ्या मुलाचा धुवायला धरावा तसा तिने त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"हा हात मला लागतो," ती म्हणाली.

डेन्व्हर हसला. हात तिच्याकडे राहू दिला. डरिन्डाला म्हणाला, की बरं, मग त्या रिकाम्या खुर्चीला विचारू. पिस्तूल तिकडे वळवलं आणि चाप ओढला.

खुर्चीच्या पाठीला, बसलेल्या माणसाची छाती येईल त्या उंचीवर, भोक पडलं. मागच्या लाकडी भिंतीलाही पडलं आणि त्यातून डोंगराचा उजेड दिसू लागला. कोणाच्याच कानांना काही ऐकू येत नव्हतं. नेल्डाने त्याचा हात सोडला नव्हता.

कान जरा मोकळे झाल्यावर डेन्व्हरने पिस्तूल टेबलावर ठेवलं. खिशातलं मॅगझिन काढून त्याच्याकडे बघत राहिला, ओळखीचा माणूस तोंडावर खोटं बोलल्यावर बघावं तसा. मग पिस्तूल आणि मॅगझिन त्याने मुलीकडे सरकवलं. डरिन्डाने, तो सांगेल तसं, वरचा भाग मागे ओढून नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि सगळं ताटं पुसायच्या फडक्यात गुंडाळलं. तो गाडीपर्यंत तिच्यासोबत गेला. उजवी बाजू हलकी झाली होती, तरी तो तसाच कललेला चालत होता. स्वयंपाकघरातून भाकरी करपल्याचा वास येत होता आणि खिडकीत नेल्डा एखाद्या परक्याकडे पाहावं तशी त्याच्याकडे पाहत होती.

डरिन्डाने गाडी सुरू केली. त्याने काचेवर बोट वाजवलं. तिने काच खाली केली.

"कुठे ठेवलंस ते मला सांगू नकोस. मी विचारेन. तरी सांगू नकोस."