वेगळी चूल

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या प्रयोगशाळेत ती, माझी सहकारी, माझ्या शेजारी बसायची. घर बनशंकरीला, मराठी पिढ्यान्पिढ्या तिथलंच, कानडी मिसळलेलं. सूक्ष्मदर्शकाखालच्या जिवाणूंनाही दटावायची, "स्वल्प थांबा रे!"

जिवाणू दुभंगण्याआधी गुणसूत्राची नक्कल करून दोन्ही प्रती दोन टोकांना नेतो. गुणसूत्राला चमकती हिरवी खूण लावून ते पकडायला मी पुण्याहून आले होते. माझ्या स्लाइडवर नुसता हिरवा धूर, तिच्या स्लाइडवर टपोरे ठिपके. माझा जळफळाट व्हायचा.

एका दुपारी ती ओरडली, "अक्का, या लवकर! पोरांनी चूल वेगळी मांडली!" आणि ठिपके सरकत असतानाच तिने मला स्वतःची खुर्ची दिली.

"छान दिसतंय ना?"

"फोकस हललाय," मी म्हणाले, आणि भिंगावरून डोळा हटवला नाही.