खो-खोचे सर आणि पायथागोरस

आमचे खेळाचे सर खुर्चीवर बसलेले मी शाळेत कधीच पाहिले नाहीत. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची होती, पण तिच्यावर कायम व्हॉलीबॉलची जाळी पसरलेली. अख्खं तिसगाव त्यांना ‘खो-खोचे सर’ म्हणायचं. खरं नाव हजेरीपुस्तकातच राहिलं.

बसून पाठांतर करणारं पोर दिसलं की सर मागून येत, पाठीवर थाप देत आणि ओरडत, “खो! ऊठ. मेंदूला रगत काय टेम्पोनं जातंय व्हय? पळ!” पुढे मी बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली, आणि तेव्हा वाचलं की नियमित व्यायामानं मेंदूचा रक्तपुरवठा सुधारतो, स्मरणशक्तीलाही मदत होते. म्हणजे सरांचं शास्त्र निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं ते नुसत्या आवाजावर चालवायचे.

दहावीला माझी भूमिती काही केल्या बसेना. नापास झाले तर शाळा बंद, हे घरात ठरलेलं होतं. गणिताच्या मास्तरांनी आमच्या वर्गासाठी खेळाचा तास मागितला. परीक्षा आली की तो तास मागायचा आणि खेळाच्या शिक्षकानं मुकाट द्यायचा, ही सगळ्याच शाळांची रीत. सर म्हणाले, “तास देत न्हाई. तुमचं प्रमेय द्या इकडं.”

मग मैदानात आम्हा मुलींची रांग बसली, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. खो देताना पायथागोरसच्या प्रमेयाची पुढची पायरी म्हणायची. चुकली की मैदानाला चक्कर. माझ्या चपलेचा अंगठा पहिल्याच आठवड्यात तुटला.

ते कळल्यावर बाजारात हमाली करणारे माझे वडील तणतणत शाळेत आले. “सर, पोरीला मॅट्रिक करायचीय, रेसची घोडी न्हाई!”

“दादा, बाजारात कुनाचं पोतं कुठं ठेवलं, ध्यानात ऱ्हातं का?”

“समदं ऱ्हातं की.”

“ते काय बसून ऱ्हायलंय व्हय? आन् आलाच हाय तर टेका त्या टोकाला. एक भिडू कमी हाय.”

आणि वडील खरंच बसले! शेवटचा खो त्यांना. त्यांना फक्त ‘हे सिद्ध झाले’ एवढंच म्हणायचं होतं. ते त्यांनी बाजारात हाळी द्यावी तसं म्हटलं.

पेपरात नेमकं तेच प्रमेय आलं आणि माझं डोकं कोरं झालं. बाकाखाली पाय मात्र आपोआप हलायला लागले. सुपरवायझर डोळे वटारून बघत होते. पण एकेक पायरी, जिची तिच्या आवाजात, येत गेली, आणि शेवटी वडिलांची हाळी. पास झाले!

आता मी राहात्याला शाळेत गणित शिकवते. खेळाचा तास मला कुणी देऊ केला तरी घेत नाही.

सर इथेच मुलाकडे असतात. परवा मी त्यांना भेटायला गेले, तर सूनबाई दारातच म्हणाल्या, “ताई, माणसं ओळखत नाहीत हो आता. उठतसुद्धा नाहीत.” सर खुर्चीवर पाठमोरे बसले होते. मला ते बघवेना. मागून गेले, पाठीवर थाप दिली. “खो!”

सर उठले. मागे न बघताच म्हणाले, “खो दिलास ना? मग बस माझ्या जाग्यावर. नेम हाय त्यो.”

मी बसले. सर अंगणात चालायला लागले, सूनबाई काठी घेऊन त्यांच्या मागे धावल्या. तुळशीपाशी पोचून ते थांबले आणि तिथूनच ओरडले, “आन् पायरी कोन म्हननार?”