पंधरा पत्रिका आणि एक लॅपटॉप

बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायच्या होत्या. पंधरा घरं, सेलूपासून देवळीपर्यंत विखुरलेली. तिला एकच धास्ती होती. "दादा, देवळीच्या मोठ्या मामाच्या आधी कोनाकडं पत्रिका गेली, तं मामा रुसन. मंग मांडवात माह्या मागं उभं कोन राहीन?"

मी म्हटलं, "तू गप बस. कमीत कमी पेट्रोलात सगळी घरं कशी होतील ते कम्प्युटर सांगेल." घरातला एकमेव इंजिनिअर मी. एवढा रुबाब तर पाहिजेच.

प्रोग्राम सरळ होता. घरांचे शक्य तेवढे सगळे क्रम लावून बघायचे, त्यातला सर्वांत छोटा फेरा निवडायचा. आधी पाच घरं टाकली. एकशेवीस क्रम, पापणी लवायच्या आत उत्तर! मी नसलेल्या मिशीला पीळ दिला, पंधराही घरं टाकली आणि चहा मागवला.

चहा संपला. दुसराही संपला. लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. तेव्हा कुठे मी गुणाकार करून पाहिला. सहावं घर आलं की काम सहापट, सातवं आलं की त्याच्याही सातपट. पंधराव्यापर्यंत क्रम लाख कोटींच्या पार गेले होते. उत्तर येईस्तोवर बहीण पहिल्या दिवाळसणाला माहेरी आली असती!

बाबा अंगणातून ओरडले, "काऊन रे, तुह्या मशीनले देवळी सापडून नाई राह्यली का?"

बहीण मुसमुसत म्हणाली, "मामा, मंग मावशी, मंग काका. लहान पोरालेही समजते हे!"

मला समजलं नव्हतं. अकरा घरं नात्यातली, आणि त्यांचा मानाचा क्रम ठरलेला. त्यात निवडायला काही नव्हतंच. उरले चार स्नेही, ते सगळ्यांत शेवटी. त्यांचे चोवीस क्रम मशीननं बटण दाबताच संपवले. पेट्रोल मात्र नात्यांनीच प्यायलं: देवळी, सेलू आणि पुन्हा देवळी.

बाबांना सोबत घेऊन सगळ्यांत आधी देवळी गाठली, तेव्हा मामा ओसरीवरच होते. पत्रिका घेण्याआधी विचारलं, "माह्या आधी कोनाकडं गेलते?"

"कोनाकडंच नाई, मामा. घरून थेट इथं."

"मंग इतका उशीर काऊन? सकाळपासून तीनदा फेटा बांधून पाह्यला म्या!"

बाबा माझ्याकडे बघून खोकले. मी बहिणीला फोन लावून मामांच्या हाती दिला. मामा अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडले, "पोरी, तुह्या मागं मीच! फेट्याचा रंग तेवढा सांगजो!"