अब्बांच्या उलट्या रेघा

भूजलाच्या नोंदींचे आलेख करणं हे माझं काम. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर ते घेऊन मी माझ्याच गावच्या ग्रामसभेत उभी होते, ईट गावाच्या अलीकडे, शाळेच्या मोठ्या वर्गात. यंदा नव्या बोअरना परवानगी द्यायची की नाही, ते त्या दिवशी ठरायचं होतं. दिली असती, तर पिण्याच्या पाण्याची विहीर चैत्रातच कोरडी पडली असती.

पडद्यावर मी माझा देखणा आलेख टाकला. दरवर्षी पाणी किती खोल गेलं ते दाखवणारे निळे स्तंभ, प्रत्येक आधीच्यापेक्षा उंच. मला वाटलं, आता तोंड उघडायचीही गरज नाही. पहिल्या रांगेतले एक म्हातारे शेतकरी डोळे बारीक करून बघत होते. ते खूश होऊन म्हणाले, "पाणी वर चाललंय की, पोरी. लई चांगलं झालं."

माना डोलल्या. मग बोअर घ्यायला हरकत काय, असं मागून कुणीतरी विचारलं. मी चिडले. हा खोलीचा आकडा आहे, बाजूला लिहिलंय, असं दोनदा सांगितलं. चूक माझ्याच आलेखाची, आणि म्हणे नाचता येईना, अंगण वाकडं! उंच निळा स्तंभ बघून पाणी आटलं असं कोण म्हणेल?

तेव्हा मला अब्बांची भिंत आठवली.

अब्बा विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. मोटार सोडायची तर पाणी किती खोल आहे ते कळायला हवं, म्हणून त्यांच्याकडे गाठी मारलेला एक दोर असे. दर उन्हाळ्यात गावच्या विहिरीत तो सोडून ते गाठी मोजत आणि दुकानाच्या भिंतीवर गेरूची एक रेघ ओढत. वर एक आडवी पट्टी होती, ती विहिरीचा काठ. रेघा तिथून खाली लोंबायच्या. पाणी जितकं खोल, तितकी रेघ लांब. चहाला टेकलेला माणूस भिंतीकडे बघून हळहळायचा.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी त्यांना शहाणपण शिकवलं होतं. आलेख खालून वर काढतात, तुमचा उलटा आहे, लोक हसतील. पाना पुसत ते म्हणाले, "विहिरीत वरनंच बघत्यात, बेटा." मी कपाळावर हात मारून घेतला होता. ते आठवलं की आजही मला लाज वाटते.

मी प्रोजेक्टर बंद केला. फळ्यावर वर एक आडवी रेघ ओढली, हा आपल्या विहिरीचा काठ म्हणून सांगितलं आणि तेच आकडे घेऊन रेघा खाली सोडत गेले. शेवटच्या रेघेला मला पार वाकावं लागलं. मग तेच म्हातारे हळूच म्हणाले, "ही तर चाचांची भित हाय." अब्बांना सगळं गाव चाचाच म्हणायचं.

यंदा नवी बोअर नको, असा ठराव झाला.

सभा सुटल्यावर मी अब्बांच्या दुकानाकडे गेले. अब्बांना जाऊन चार वर्षं झाली. आता तिथं मोबाइलचं दुकान आहे, भिंतीला पिवळा ऑइलपेंट. माझ्या फोनमध्ये शेकडो आलेख आहेत, पण त्या भिंतीचा एक फोटो नाही. कारण तेव्हा ती मला गावंढळ वाटायची. रंगाखाली एखादी तरी रेघ लागते का म्हणून मी हात फिरवत राहिले. तुमचं बरोबर होतं अब्बा, एवढंच मला सांगायचं होतं, आणि ते ऐकायला भिंतसुद्धा उरली नव्हती.

दुकानदारानं विचारलं, काय हवंय ताई. मी फोनचं एक कव्हर मागितलं.