नवसाचा बोकड आणि काखेतली गाठ

मुंबईच्या इस्पितळातून मला घरी सोडलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही खूष असणार. मलाही तसंच वाटलं होतं. साठ सालाच्या पुढचीच गोष्ट ही. कॅन्सर म्हणून डावी छाती काढली होती, वर मशीनखाली लाईटचा शेक देऊन देऊन कातडी तव्यासारखी काळी झाली होती. डॉक्टर म्हणाले, "बाई, उपचार संपले. सहा महिन्यांनी दाखवायला या." भाऊच्या धक्क्यावर लाँचमध्ये बसले नि मागे वळून इस्पितळाच्या दिशेला बघत राहिले. इस्पितळात निदान रोज कुणीतरी मला बघत होतं. आता सहा महिने कोण बघणार?

मुरुडला कोळीवाड्यात घरी पोचले तर अंगणात बोकड बांधलेला. सून बरी होऊन आली की बोकड देईन, असं सासू देवीला बोलली होती. आमच्यात सासूला आयेच म्हणतात नि एकेरीत बोलतात. आता नवस फेडायचा म्हणजे देवीसमोर उभं राहून "मी बरी झाले" म्हणायचं. तेच माझ्या तोंडातून निघेना. खोटं ठरलं तर? मग मी कारणं काढायची. या मंगळवारी मासळी फार आहे, पुढच्या मंगळवारी पाहुणे आहेत. बोकड आपला खाऊन खाऊन फुगत चालला.

शेजारीण एकदा पाण्यावर चार बायकांत म्हणाली, "अगो, यो बोकड म्हातारा होऊन मेला तर देवी काय त्याचं तेरावं जेवंल?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता पदराखाली हात घालून चाचपलं. ते तर दिवसभर चालायचं. भाकरी थापताना, पाण्याला जाताना. बघणाऱ्याला वाटे, पदर सारखा करते आहे.

शेवटी आयेने मला न विचारताच मंगळवार ठरवला. आणि त्याआधीच्या शुक्रवारी आंघोळ करताना माझ्या उजव्या काखेत गाठ लागली. उजव्या! चांगल्या बाजूला. सुपारीएवढी, आणि हात लावला की कळ मारणारी. पहिली गाठ मुळीच दुखली नव्हती, हे तेव्हा आठवायला हवं होतं की नाही? नाही आठवलं.

सांगणार कुणाला? घरवाला माझ्यापायी एक अख्खा हंगाम इस्पितळाच्या दारात बसून होता. आत्ता कुठे होडीवर जायला लागला होता, जेवताना दोन शब्द बोलायला लागला होता. म्हटलं, मंगळवार होऊ दे. लगेच मन म्हणे, अगो, काखेत गाठ घेऊन देवीसमोर बरी झाले म्हणणार? तीन दिवस असे काढले. आमटीत दोनदा मीठ पडलं. घरवाल्याने तशीच खाल्ली, तर ह्याला कळलं की काय, याचीही मला भीतीच वाटली.

सोमवारी मी आणि आये बोंबील वाळत घालत होतो. दोऱ्या डोक्याच्या वर बांधलेल्या असतात, हात उंच करावा लागतो. डावा तर ऑपरेशनपासून वर जातच नव्हता. आता उजवाही अर्ध्यावर थांबला.

"गो, त्याला काय झालं?" आये म्हणाली.

मी तिथेच वाळूत बसले. "आये, परत आला गो तो. काखेत."

तिने टोपली खाली ठेवली. काखेला हात लावला नाही. माझा पंजा धरला नि एकेक बोट बघत गेली. मधलं बोट सुजून लाल झालेलं.

"ह्यो काय?"

"शिंगाळा साफ करताना काटा गेला."

"कवा?"

"गुरुवारी."

"आनि गाठ?"

"शुक्रवारी."

तिने कपाळावर हात मारला. "मेले, अवधाण हाय गो ते!"

हाताला काटा लागून पिकला की काखेत गाठ येते, तिला अवधाण म्हणतात. कोळीवाड्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. शिंगाळा माशाचा काटा लागला की आम्ही आधी काख चाचपतो. मी स्वतः किती जणींना सांगितलं असेल! पण माझ्या काखेत आली नि मला जगात एकच गाठ ठाऊक राहिली.

मी रडत म्हटलं, "पण कशावरून?"

"आठ दिसांत उतरंल. न्हाय उतरली तर मी सोता तुला लाँचीत घालून न्हेन. पन तवर तू हात लावायचा न्हाय. रोज सकाळी मी बघीन, एकदाच. दिवसभर तुझा हात बोंबलात पायजे, काखेत न्हाय."

तो मंगळवार टळला. आयेने शेजारणीला सांगितलं, सुनेला शिंगाळा लागलाय, आणि ते खरंच होतं. बोटाला हळद-चुना लावत होते. आये रोज बघायची, मी तिचं तोंड बघायची. पाचव्या दिवशी म्हणाली, बोराएवढी. आठव्या दिवशी तिला सापडेना. मधल्या दिवसांत माझा हात कितीदा काखेपर्यंत जाऊन परत आला ते मलाच माहीत.

मग पुढच्या मंगळवारी बोकड देवीला गेला. देवळात गुरव म्हणाला, "बोल बाय, बरी झाले म्हणून." माझा हात परत काखेकडे जायला लागला. तेवढ्यात आये पुढे झाली. "माये, आज सकाळी मी बघितलंय. आज बरी हाय. एवढंच घे पदरात."

दुसऱ्या दिवशी उजाडलं नि मी परत आयेपुढे काख दाखवायला जाऊन उभी.

"काल बोकड दिला नि आज परत?" ती म्हणाली. पण चुलीशी बसून तिने आधी हात शेकून गरम केले, आणि बघितलं.