घोडेमाणसाची प्लेट

चंद्रभान मेश्राम सकाळपासून चौथ्यांदा अंगणात जाऊन आले. हुडकेश्वरच्या त्या दोन खोल्यांत येरझारा घालायला जागाही नव्हती.

"अवो, बसा ना एका जागी," त्यांच्या बायकोनं, जिजाबाईनं म्हटलं. "काहून भिंगरीवानी फिरून राहिले?"



आत पलंगावर सहा इटालियन प्लेटा मांडलेल्या होत्या. दोनशे वर्षांपूर्वीच्या, नेपल्सच्या. कडेला सोनेरी पट्टी, मधोमध जुन्या ग्रीस-रोमच्या कथांतली चित्रं: झांजा वाजवत नाचणारी बाई, पंखवाला मुलगा, कमरेखाली घोडा असलेला माणूस. काल गार्गी नावाच्या मुलीनं त्या आणून दिल्या. तिच्या आजीचा, प्रेमलताबाईंचा, त्यांत जीव. एकीचे फुटून दोन तुकडे झाले होते, तेवढी जोडायची. बाकी पाच फक्त रंग जुळवून पाहण्यासाठी.

पण चंद्रभाननी एकतीस वर्षं कळमेश्वरच्या कारखान्यात विजेच्या खांबांवरचे चिनी मातीचे इन्सुलेटर तपासले होते. छोट्या हातोडीनं ठोकायचं, कान लावायचा. खणखणला तर पास. बद्द वाजला तर आत तडा, फेकून द्या. निवृत्तीनंतर ते घरी लोकांच्या कपबश्या जोडत, पण चिनी माती दिसली की हात आपसूक हातोडीकडे जाई. काल संध्याकाळी त्यांनी पाचही प्लेटा वाजवल्या. चार खणखणल्या. घोडेमाणसाच्या वेळी नेमकी कुकरची शिट्टी झाली. नाद ऐकू आला नाही म्हणून त्यांनी पुन्हा ठोकलं, जरा जोरात. आवाज बद्द आला.

तडा आधीचा, की आपला?

त्यांनी प्लेटेमागे टॉर्च धरला. घोडेमाणसाच्या छातीवरून केसाएवढी रेघ गेलेली. जुन्या तड्यात तेल, मळ शिरून रेघ पिवळी पडते. ही पांढरीशुभ्र होती. हे दुसऱ्या कुणाच्या ध्यानातही आलं नसतं, आणि तेच त्यांना बसू देत नव्हतं.

अकराला गार्गी आली. चपला काढते न काढते तोच ते म्हणाले, "ताई, ही चांगली होती. मी तडकवली. कारखान्यात ठोकत होतो, तशी ठोकली."

गार्गी प्लेटेकडे पाहत राहिली. "बाकीच्याही ठोकल्या?"

"साऱ्या."

ती स्टूल ओढून बसली. उरलेल्या चारही तिनं टॉर्चसमोर एकेक धरायला लावल्या, कड फिरवून फिरवून पाहिल्या. कुठं रेघ नव्हती. मग तिनं सगळ्या टॉवेलांत गुंडाळून खोक्यात भरल्या, फुटकीचे तुकडेसुद्धा. जिजाबाईनं केलेला चहा तसाच राहिला. चंद्रभान खोकं उचलायला पुढं झाले, तर तिनं स्वतःच उचललं.

फाटकाशी ती थांबली. "काका, आजीला काय सांगू?"

"माहं नाव सांगा."

गार्गीनं खोकं स्कूटरच्या सीटवर टेकवलं, आतून फुटकीचे दोन्ही तुकडे काढले आणि त्यांच्या हातात दिले.

"शनिवारी आजीला घेऊन येते. तुम्हीच सांगा तिला. तोवर ही जोडून ठेवा."